टाळाची जोडी

लोणंद ते तरडगाव ही चाल आखूड. वाटेत चांदोबाचा लिंब, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण. वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व दौडत गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही चिमूटभर घेतली आणि वळलो, तर कडेच्या दगडावर टाळाची जोडी. पितळ झिजून गुळगुळीत झालेलं, दोरीला लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळलेली. कुणीतरी विसरलं, पायदळी जाईल, म्हणून पिशवीत टाकली. फुकटचं पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तळावर समाज आरतीला दिंड्या जमल्या. टाळ सापडल्याचं आमच्या विणेकऱ्यांनी सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांना कळवलं होतं. चोपदारांनी दंड उंचावला, ‘होऽऽ’ म्हणाले आणि सगळे टाळ एका दमात थांबले. एका दिंडीचे सोडून. ज्यांची तक्रार असते त्यांनी टाळ वाजवतच राहायचं, ही जुनी रीत. चोपदार तिकडे गेले. आम्ही ताटकळत उभे, पोटात कावळे. शेजारचे काका पुटपुटले, “यांना आजच सुचलं!” मीही मान डोलावली.

पुढे हरवलं-सापडलं पुकारलं, आरती झाली.

रात्री भाकऱ्या थापल्या जात होत्या, तेव्हा साठीचे एक गृहस्थ आमची राहुटी शोधत आले. फुगडी घालताना टाळ छातीवर आपटतात, म्हणून गळ्यातून काढून ठेवले होते म्हणे. येऊन बघतात तर गायब. ते शोधत थांबले, मग पुतण्या थांबला, मग ओळीतले आणखी चौघे. मध्ये खिंडार पडलं. मागच्या दिंडीच्या पताका त्यात घुसल्या, यांचा विणेकरी मागेच अडकला आणि शब्दाला शब्द लागला.

“आरतीला टाळ वाजत होते ना, ते आमचेच. क्रम मोडला म्हटल्यावर गप्प कसं बसायचं?”

बरोबरच होतं त्यांचं. सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी लावलेल्या शिस्तीत कुठली दिंडी कुठे चालणार हे ठरलेलं.

मी टाळ पुढे केले. त्यांनी चिंधीवरून अंगठा फिरवला. “वडिलांचे आहेत. माउली, तुम्ही उचललेत म्हणून वाचले.”

“दगडावर होते,” मी म्हणालो.

“हां, दगडावरच ठेवले होते मी.”

आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मीही घाईघाईने वाकलो. तेवढाच चेहरा लपला.