टेबलवर सलाईन किती? आर्टरियल लाइन आणि डॉपलरचा माझा अनुभव

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 44-45 ला टेकतो. त्या दिवसांत चोपडा, यावल, शहाद्याहून आतड्याच्या ऑपरेशनला आलेला पेशंट बहुतेक वेळा कोरडा पडलेलाच असतो. "काही खायचं-प्यायचं नाही" एवढंच ऐकून रात्रीपासून पाणी बंद, वर पोट साफ करायचं औषध. आतडं तुंबलेलं नसेल आणि पोट नीट रिकामं होत असेल, तर साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. तोंडी सांगून हे होत नाही, वॉर्डच्या कागदावर वेळ घालूनच लिहून द्यावं लागतं.

भूल दिल्यावर बीपी पडलं की हात आपोआप सलाईनच्या चाकाकडे जातो. पण पेशंट आधीच कोरडा पडलेला नसेल तर तेव्हा बहुधा रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, पाणी कमी झालेलं नसतं. तिथे वाहिन्या आवळणाऱ्या फेनिलेफ्रिन किंवा नॉरॲड्रिनॅलिनचं काम असतं. सीव्हीपीच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) आकड्यावरून बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं सलाईन) ठरवणं मी सोडलं आहे; पाणी दिल्यावर हृदय जास्त रक्त फेकेल की नाही, हे त्यातून कळत नाही. तासाभराची लघवी कमी, एवढ्यावरही बाटली लावत नाही. ऑपरेशनच्या ताणाने ती तशीही कमी होते.

म्हणून सगळी भिस्त आर्टरियल लाइनवर, म्हणजे धमनीत नळी घालून ठोक्यागणिक बीपी दाखवणाऱ्या जोडणीवर. मनगटाच्या रेडियल धमनीत 20 नंबरची कॅन्युला, आखूड कडक नळी, ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर), आणि प्रेशर बॅग 300 मिमीपर्यंत फुगवलेली. ट्रान्सड्यूसर छातीच्या चौथ्या फटीच्या पातळीत, काखेच्या मधल्या रेषेवर. तो 10 सेंटीमीटर खाली लोंबला तर बीपी साधारण 7.5 मिमीने जास्त दिसतं. सर्जनने टेबल तिरपं करायला सांगितलं की पातळी पुन्हा बघायची. ही गोष्ट हमखास राहून जाते. मग फ्लश (नळीत जोराने सलाईन सोडणारी झडप) ओढून सोडायचा. मॉनिटरवरची रेघ चौकोनी वर जाऊन खाली आल्यावर एक-दोन झोके घेऊन स्थिरावली तर लाइन चांगली. झोकाच न घेता मंद उतरली तर नळीत बुडबुडा आहे, गुठळी आहे किंवा मनगट वाकलंय. अशा लाइनवरचा पुढचा कुठलाच आकडा खरा नसतो.

लाइन नीट असेल तर बहुतेक मॉनिटर पीपीव्ही दाखवतो. व्हेंटिलेटरच्या श्वासागणिक पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) किती हलतं, त्याची ही टक्केवारी. 13 च्या वर असेल तर पाण्याने स्ट्रोक व्हॉल्यूम (हृदय एका ठोक्याला फेकतं तेवढं रक्त) वाढण्याची शक्यता चांगली, 9 च्या खाली असेल तर कमी. मधला पट्टा संदिग्धच. पण अटी बऱ्याच: ठोके नियमित हवेत, पेशंटचा स्वतःचा श्वास नको, छाती उघडलेली नको, आणि उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे निदान 8 मिलीचा श्वास हवा. लॅप्रोस्कोपीत पोटात गॅस भरला की आकडा उगाच फुगतो. आपण सहसा 6-7 मिलीवर चालवतो, तिथे आकडा खोटा कमी येतो. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये दिलेली युक्ती कामाची आहे: मिनिटभर श्वास 6 वरून 8 मिली करायचा, पीपीव्ही 3.5 ने किंवा त्याहून जास्त चढला तर पेशंट पाण्याला प्रतिसाद देईल. मग परत 6.

बोलस म्हणजे 250 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), 5 ते 10 मिनिटांत. साध्या ड्रिपने ते जात नाही. प्रेशर बॅग किंवा 50 ची सिरिंज लागते. स्ट्रोक व्हॉल्यूम 10 टक्क्यांहून जास्त वाढला तर पुन्हा एक, नाही वाढला तर थांबायचं. आणि प्रतिसाद येतो म्हणून पाणी द्यायलाच हवं असं नाही. धडधाकट हृदय जवळपास नेहमीच प्रतिसाद देतं. बीपी, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं), वाहिलेलं रक्त यातलं काहीतरी गरज दाखवत असेल तरच द्यावं.

स्ट्रोक व्हॉल्यूम मोजायला अन्ननलिकेतला डॉपलर (ध्वनिलहरींनी महाधमनीतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. प्रोबला जेल लावून दातांपासून 35 ते 40 सेंटीमीटर आत, मग हळू फिरवत स्पष्ट आवाज आणि टोकदार त्रिकोण मिळेपर्यंत शोधायचं. कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारं यंत्र) चालू असताना येणारे आकडे टाकून द्यायचे. एफटीसी (एका ठोक्यात रक्त पुढे वाहण्याचा, नाडीच्या गतीप्रमाणे दुरुस्त केलेला काळ) 330 मिलिसेकंदांच्या खाली दिसला की लगेच पाणी नको: व्हॅसोप्रेसरने वाहिन्या आवळल्या तरी तो घसरतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर प्रोब घालायचाच नाही. डॉपलर नसेल तर व्हेंटिलेटर न बदलता ईटीसीओटू (श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड) उतरत जाणं, हाही हृदय कमी रक्त फेकत असल्याचा एक इशारा.

नंदुरबारकडचे सिकलसेलचे (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) पेशंट वेगळे. त्यांना कोरडं पडू देणं आणि गार पडू देणं, दोन्ही महागात पडतं. म्हणून सलाईन कोमट करून, आणि हात जरा सैल.

फार आखडून चालत नाही हे पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांत कमी आणि सढळ सलाईन तोलणाऱ्या 2018 च्या रिलीफ चाचणीत दिसलं: कमी पाणी दिलेल्यांत किडनीला इजा 8.6 टक्के, सढळ दिलेल्यांत 5. तिथला "सढळ" मात्र आपल्याकडच्या जुन्या सवयीइतका नव्हता.

सगळं जमूनही वॉर्डात "दर तासाला 125 मिली" चालू राहिलं तर रात्रीत हिशेब बिघडतो. हँडओव्हरच्या कागदावर मी एकूण किती गेलं, शेवटच्या बोलसला प्रतिसाद आला की नाही, आणि पेशंट पाणी प्यायला लागला की ड्रिप बंद, हे तिन्ही लिहितो.