कॅमरन घराण्याचे कागद : चॅपल हिलचा एक दिवस आणि स्टॅगव्हिलची एक सकाळ

मामा पुण्याहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन भिंगं होती. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले, आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांना त्यांची जुनी खतं, वाटणीपत्रं वाचून देतात. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी आमच्याकडे येऊन आठवडा झाला, तळी झाली, बागा झाल्या, आणि एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अगं, इथल्या जुन्या घराण्यांचे कागद कुठे ठेवतात? ते दाखव की मला."

ते कागद आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहेत आणि आठ वर्षांत मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलच्या आवारात विल्सन लायब्ररी आहे. तिथे 'सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन' नावाचा मोठा संग्रह आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली घराणी, मळे, दुकानदार, वकील, सैनिक यांची पत्रं, रोजनिशा, जमाखर्चाच्या वह्या. संग्रह रीतसर सुरू झाला १९३० मध्ये. आमच्या भागात इतकी मराठी घरं आहेत, आईवडील महिनोन्महिने येऊन राहतात. त्यांच्यातल्या कुणाला जुन्या कागदांची ओढ असेल तर उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, तिथे कुणालाही जाता येतं. प्राध्यापकाचं पत्र लागत नाही, पैसे पडत नाहीत. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि वाचक म्हणून नोंदणी करावी लागते. मामांचा पासपोर्ट चालला. पण कागद आधी मागवून ठेवावे लागतात, कारण सगळे खोके त्या इमारतीत नसतात, काही बाहेरच्या गोदामातून आणावे लागतात. मी आदल्या रात्री मागणी नोंदवली आणि चारपैकी एक खोका त्या दिवशी आलाच नाही. चूक माझीच होती. निदान आठवडाभर आधी मागणी करा. आणि निघण्यापूर्वी वेळा तपासा. इमारत १९२९ ची आहे, दुरुस्तीची कामं निघतात, वाचनकक्षाच्या वेळा बदलतात.

काय मागवायचं हे ठरवण्यासाठी प्रत्येक संग्रहाची सूची इंटरनेटवर आहे. संग्रहाला क्रमांक, त्याखाली खोके, खोक्यात फोल्डर. मामांना हे लगेच पटलं. "आपल्याकडे दप्तर, रुमाल, मग पुडकं. तसंच की." आम्ही निवडला क्रमांक १३३, कॅमरन घराण्याचे कागद.

घराण्याची हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती माहीत नसेल तर कागद मुके राहतात. रिचर्ड बेनेहन नावाचा तरुण १७६८ मध्ये या भागात दुकान सांभाळायला आला. हळूहळू जमीन घेत गेला. त्याच्या मुलीचं लग्न १८०३ मध्ये डंकन कॅमरन या वकिलाशी झालं आणि दोन घरांची मालमत्ता एक झाली. १८६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे तीस हजार एकर जमीन होती आणि सुमारे नऊशे माणसं गुलाम म्हणून त्यांच्या मालकीची होती. विद्यापीठाच्या मधून जाणारा रस्ता आजही कॅमरन ॲव्हेन्यू याच नावाने ओळखला जातो.

सोमवार ते शुक्रवार आवारात गाडी लावायच्या भानगडीत पडू नका. गाडी बाहेरच्या तळावर ठेवून चॅपल हिलची बस घ्या, तिला तिकीट नाही. लायब्ररी सापडायला सोपी आहे. मोठे खांब, वर घुमट, पायऱ्यांसमोर लांबच लांब हिरवळ.

वाचनकक्षात बॅग, कोट, पाण्याची बाटली नेता येत नाही. सगळं लॉकरमध्ये जातं. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप, फोन. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. मामांनी भिंग दाखवून विचारलं, तर वाचनकक्षातल्या बाईंनी हसून मान डोलावली. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, आणि आतल्या कागदांचा क्रम होता तसाच ठेवायचा. वही असेल तर तिच्या पाठीला ताण पडू नये म्हणून खाली स्पंजाचे उतार देतात, आणि पानं मिटू नयेत म्हणून कापडात शिवलेली वजनदार दोरी. हातमोजे घालायचे असतील असं मला वाटत होतं, पण कागदासाठी ते घालत नाहीत. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात.

पहिला कागद हातात आला तेव्हा मामा बराच वेळ वाचतच नव्हते. कडेला बोट फिरवून पोत बघत होते. चिंध्यांच्या लगद्याचा कागद, दोनशे वर्षांनीही चिवट. शाई मूळची काळी असणार, आता तपकिरी झालेली. त्याच खोक्यातले शंभर वर्षांनंतरचे कागद मात्र पिवळे पडून कडेने तुटत होते, कारण तोवर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला होता. खोका उघडाल तेव्हा हे लक्षात ठेवा. नवा दिसणारा कागद जास्त जपून उचलावा लागतो.

अक्षर वाचणं सोपं नाही. इंग्रजी येणाऱ्यालाही पहिला तासभर काही लागत नाही. काही खुणा कळल्या की वाट सापडते. जोडून आलेल्या दोन 'एस'पैकी पहिला उभा, लांब काढलेला असतो आणि 'एफ'सारखा दिसतो, म्हणून 'मिस' हा शब्द 'मिफ्स' वाचला जातो. पत्रात तारखेपुढे 'इन्स्ट' असेल तर चालू महिना, 'अल्ट' असेल तर गेला. यादीत खालोखाल 'डीओ' दिसलं तर वरच्यासारखंच. मामा म्हणाले, "आपल्याकडे चांद्र तारखेआधी 'छ' घालतात, नवशिक्या त्यावर अडतो. हे त्यातलंच." एकाच माणसाची पाच-सहा पत्रं सलग वाचा. मजकूर कळला नाही तरी हाताचं वळण कळतं, आणि सहाव्या पत्रात पहिल्याचा अर्थ लागतो.

मग मळ्यांच्या यादीची पानं आली. धान्य, जनावरं, अवजारं यांच्या हिशोबांच्या शेजारीच माणसांच्या याद्या. आडनाव नाही. नुसतं नाव आणि वय. ओळीखाली ओळ, सुबक अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मी दोन पानं पाहून थांबले. मामा थांबले नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या वर्षांच्या तीन याद्यांतली नावं पेन्सिलीने उतरवून घेतली आणि अर्ध्या तासाने माझ्याकडे कागद सरकवला. "हे बघ. म्हाताऱ्याचं नाव पुढच्या यादीत लहान पोराला आलंय. आपण आजोबांचं नाव नातवाला ठेवतो ना? जमाखर्चात वंशावळ लपलीय बघ."

त्यांना ठाऊक नव्हतं, पण अमेरिकन इतिहासकारांनी अशाच याद्यांवरून हे दाखवून दिलेलं आहे. गुलामगिरीतल्या कुटुंबांनी बापाची, आजोबांची, मावशी-आत्यांची नावं मुलांना देऊन आपली नाती टिकवून धरली. लग्नाला कायद्याने मान्यता नव्हती, मूल कधी विकलं जाईल याची शाश्वती नव्हती. नाव मात्र त्यांना देता येत होतं. मालकाच्या कारकुनाने मालमत्ता मोजायला लिहिलेल्या कागदावर ते उतरलं आणि राहिलं. आज या भागातली किती तरी कुटुंबं आपले पूर्वज शोधायला याच याद्यांकडे येतात. १८४४ मध्ये डंकनचा मुलगा पॉल कॅमरन याने ११४ जणांना अलाबामातल्या नव्या मळ्यावर पाठवलं. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकन यादवी युद्धानंतर, १८७० च्या दशकात, त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी कॅमरनकडूनच तिथली जमीन विकत घेतली.

हे सगळे कागद इथे आले कसे, तेही सांगायला हवं. रुलॅक हॅमिल्टन या इतिहासाच्या प्राध्यापकाने आपल्या फोर्ड गाडीतून दक्षिणेतली राज्यं पालथी घातली. माळ्यावरच्या पेट्या, अडगळीतली कपाटं, जिथे सुगावा लागेल तिथे तो जाई. लोक त्याला 'रॅन्सॅक' म्हणत, म्हणजे घर धुंडाळणारा, लुटून नेणारा. मामांना लगेच इतिहासकार वि. का. राजवाडे आठवले, वाड्यावाड्यांतून, गावोगाव कागदांसाठी पायपीट करणारे. तळमळ तीच होती. पण हॅमिल्टनची नजर गोऱ्या जमीनदारांच्या घरांकडे होती आणि त्याचं इतिहासलेखनही त्याच बाजूचं होतं. काळ्या कुटुंबांच्या घरातले कागद त्याने त्या मानाने फारच थोडे आणले. म्हणून इथे येणाऱ्याला एका माणसाची गोष्ट दुसऱ्याच्या कागदातून वेचावी लागते. सूचीत नाव सापडलं नाही म्हणून परत फिरू नका.

दोन पत्रांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मेरी वॉकर ही कॅमरन घराची गुलाम. १८४८ मध्ये मालकांच्या कुटुंबाबरोबर फिलाडेल्फियाला गेली असताना ती निसटली. मुलं मागे राहिली. १८५९ मध्ये पीटर लेस्ली या भूशास्त्रज्ञाने तिच्या वतीने डंकनची मुलगी मिल्ड्रेड कॅमरन हिला पत्र लिहिलं की तिची मुलं तिला मिळू द्या, हवी ती किंमत देऊ. ते पत्र या कागदांत आहे. मुलं आईला भेटली ती १८६५ मध्ये, युद्ध संपल्यावर.

दुसरं पत्र जॉर्ज मोझेस हॉर्टन या कवीचं. तोही गुलाम, शेजारच्या चॅटहॅम काउंटीतला. आठवड्याच्या सुट्टीला फळं विकायला चॅपल हिलला यायचा आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रेयसींसाठी कविता रचून द्यायचा, पाव डॉलर ते पाऊण डॉलर घेऊन. १८२९ मध्ये त्याचा कवितासंग्रह रॅलेला छापला गेला. तेव्हा त्याला स्वतःच्या हाताने लिहिताही येत नव्हतं. पुढे १८५३ मध्ये त्याने न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना पत्र लिहिलं, स्वातंत्र्य विकत घ्यायला मदत करा म्हणून. ते पाठवायला विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्वेन यांच्याकडे दिलं. स्वेननी ते पाठवलंच नाही. ते त्यांच्या कागदांत पडून राहिलं आणि त्यांच्या कागदांबरोबर याच लायब्ररीत आलं. स्वेन यांच्या संग्रहाची सूची वेगळी आहे, तीही जरूर पाहा. मामांनी पत्राचा मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसले. जेवायला आम्ही तीन वाजता फ्रँकलिन स्ट्रीटवर गेलो, तेही मी उठवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅगव्हिल. डरम शहराच्या उत्तरेला, केरीहून पाऊण तास. कॅमरनांच्या मळ्याचा हा भाग आता राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे. मंगळवार ते शनिवार उघडं असतं, प्रवेश मोफत. मार्गदर्शकाबरोबरच फिरा, एकट्याने पाहिलं तर नुसत्या इमारती दिसतात. मालकांचं घर आहे, १८६० चं अवाढव्य लाकडी कोठार आहे, आणि थोड्या अंतरावर हॉर्टन ग्रोव्ह, गुलामांची दुमजली घरं. प्रत्येक घरात चार खोल्या, खोलीत एक कुटुंब. चालणं गवतातून आहे. उन्हाळ्यात पायघोळ पँट आणि बंद बूट घाला, घरी आल्यावर गोचिडी लागल्या नाहीत ना ते पाहा. वयस्करांसाठी पाणी आणि टोपी हवीच, मध्ये सावली कमी आहे.

धुराड्याच्या विटांत बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढताना उमटलेले. मार्गदर्शकाने जागा दाखवली. मामांनी खिशातून भिंग काढलं, पण ते न लावताच दिसत होतं. चार बोटं, शेजारी शेजारी. काल वाचलेल्या यादीत या हाताचं नाव असेल का, असं ते मराठीतच पुटपुटले. मार्गदर्शकाला मी भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, असेलही, याद्यांतली बरीच माणसं इथेच राहत होती.

क्रम हाच ठेवा, आधी कागद, मग जागा. नावं डोक्यात असताना त्या खोल्यांत उभं राहणं वेगळं असतं. वेळ कमी असेल तर एकाच संग्रहाचे दोन खोके नीट वाचा, दहा उघडू नका. आणि ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी, कॅमरन कागदांतलं पुष्कळसं स्कॅन करून सूचीलाच जोडलेलं आहे. फोल्डरवर टिचकी मारली की पान उघडतं, कोथरूडमध्येही.

मामा परत गेले त्याला आता दोन महिने झाले. काल रात्री एका पानाचा फोटो पाठवून त्यांनी विचारलं, "डावीकडून तिसरी ओळ. हा 'जे' आहे की 'आय'? मला 'जे' वाटतो, पण तू तुझ्या मोठ्या स्क्रीनवर बघून सांग."