लांबून गेलं की लवकर पोचतं

मी फ्लाइट डिस्पॅचर. विमानाने कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जायचं, हे जमिनीवर बसून ठरवायचं, ही माझी नोकरी. प्रवाशांशी माझा सहसा संबंध येत नाही. त्या दिवशी आला.

तक्रार विभागाने एक ईमेल माझ्याकडे सरकवला. सिंगापूरहून न्यूयॉर्कला गेलेला प्रवासी. अंतर १५,३५० किलोमीटर असल्याचं त्याने आधीच बघून ठेवलं होतं. सीटसमोरच्या पडद्यावर मात्र विमान जपानच्या अंगाने पॅसिफिक ओलांडत होतं. मीटर वाढवायला टॅक्सीवाला फिरवतो, तसं मला फिरवलंत, असं त्याचं म्हणणं.

गडी हिशेबाला पक्का होता. सिंगापूर १०४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला; बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. ग्लोबवर दोरा ताणला तर तो चीन, मंगोलिया, सैबेरिया करत उत्तर ध्रुवापाशी चढतो आणि पलीकडे कॅनडात उतरतो. तीच ती १५,३५० ची वाट.

मी त्या उड्डाणाचा प्लॅन उघडला. जमिनीवरून मोजलं तर सुमारे १६,६०० किलोमीटर. पण आम्ही बघतो ते दुसऱ्या रकान्यात, एअर डिस्टन्समध्ये: विमानाला हवेतून प्रत्यक्ष किती कापावं लागलं. तिथे आकडा १५,००० च्या आत होता. हिवाळ्याचे दिवस, जपानच्या आसपास जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून वाहणारा वेगवान वारा, तेव्हा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जाते. सगळ्या वाटेची सरासरी धरली तरी पाठीमागून ताशी शंभरेक किलोमीटरचा वारा मिळाला होता. ध्रुवावरून हा फायदा नाही. वर रशियाचं आकाश २०२२ पासून बऱ्याच कंपन्यांना बंद, आणि इंधन गार पडण्याची धास्ती वेगळीच. जेट ए-१ हे विमानाचं इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, त्यामुळे तिकडे टाकीच्या तापमानावर सतत डोळा ठेवावा लागतो.

एवढ्या लांबच्या उड्डाणात वीस मिनिटं वाचली तर ती फक्त वीस मिनिटं नसतात. जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, आणि तेवढा माल खाली ठेवावा लागतो.

हे सगळं साध्या भाषेत लिहून पाठवलं. दुपारी त्याचा उलट प्रश्न: मग परतताना अटलांटिक, युरोप करत का आणलंत? तेही वाऱ्यामुळेच, मी कळवलं. त्या पट्ट्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, आणि शहरं समोरासमोर असल्याने जाताना काय, येताना काय, पूर्वेकडे निघणंच बहुधा परवडतं.

यावर त्याचं उत्तर दोन ओळींचं. म्हणजे माझी पृथ्वीप्रदक्षिणा झाली. तर त्या हिशेबाने जादा मैल, म्हणजे प्रवासाबद्दल कंपनी देते ते बक्षिसाचे गुण, खात्यात जमा करा.

मैल दोन शहरांमधल्या ठरलेल्या अंतरावर मिळतात, कापलेल्या वाटेवर नाही. ते त्याला सांगण्याचं काम मी तक्रार विभागाकडे परत सरकवलं.