टक्का बघून निघा: उजनीच्या बेटांमधला एक दिवस

पक्षी बघायला भिगवणला जायचं ठरलं की लोक सुट्टी बघतात, कॅमेरा चार्ज करतात. मी आधी पेपरात उजनी धरणाचा टक्का, म्हणजे किती टक्के पाणी उरलंय ते, बघतो. कारण भिगवण म्हणजे उजनीच्या फुगवट्याचं शेपूट. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात, पण अडलेलं पाणी मागे पसरत इंदापूर, दौंडपर्यंत येतं. साठा जवळपास ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्क्यात न धरलेलं तळाचं पाणी; ‘उजनी वजा’ अशा बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात त्या यामुळेच. पाणी उतरायला लागलं की हे शेपूट आधी उघडं पडतं. तुडुंब असताना जिथे नुसतं पाणीच पाणी, तिथे गाळाची बेटं डोकं वर काढतात आणि मधे गुडघाभर पाणी उरतं. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, नेमकं तेवढंच पाणी लागतं. म्हणून यंदा डिसेंबरचा मोह टाळला आणि फेब्रुवारी उजाडू दिला.

आईला बरोबर न्यायचं होतं. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे होडीवाल्या दादांना आदल्या दिवशीच फोन केला. “मावशींना घेऊन या, पन इंजिनाची बोट नको. बांबूनं नेतो,” ते म्हणाले. हडपसरहून पहाटे चारला निघालो, यवत-पाटस मागे टाकून उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर.

पाणी उतरलं की होडी काठाला टेकत नाही, मधे पंधरावीस पावलं चिखल असतो. दादांनी फळ्या टाकून ठेवल्या होत्या. आईला त्यांनी चपला काढायला लावल्या, हात धरून नेलं आणि आधी होडीच्या काठावर बसवून मग एकेक पाय आत घ्यायला सांगितला. उभं राहून आत उतरायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांनाच बजावलं. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. इथला माणूस ते विसरलेला नाही. पाणी उथळ असलं तरी तळाला गाळ असतो आणि गाळात पाय रुतला की पोहता येऊन काही उपयोग नसतो.

बांबूचं महत्त्व मला होडीत बसल्यावर कळलं. दादा मागे उभे राहून बांबू तळाला टेकवत आणि रेटा देत. प्रत्येक वेळी पाणी किती, खाली घट्ट की मऊ, हे त्यांच्या हाताला कळे. मऊ लागलं की बांबू सरळ ओढायचा नाही. थोडा पिळायचा, मग तो सुटतो. इंजिन इथे जाळ्यांत अडकतं, नाहीतर बुडालेल्या बाभळीच्या खोडांवर आपटतं. एकदा बांबू वर आला तो वीतभर काळ्याकुट्ट गाळानं माखलेला, वास मारणारा. आईनं नाकाला पदर लावला. “तुमच्या पुन्याकडनंच येतंय की हे,” दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच आहे. आपलं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि भीमा इथे येऊन थांबते. इथली माणसं त्याच पाण्यावर मासे धरून घर चालवतात. मला मनापासून लाज वाटली.

बेटांवर आम्ही उतरलो नाही. पहिल्या बेटावर चक्रवाकांच्या जोड्या, पलीकडे पट्टकदंब हंस, हिमालय ओलांडून आलेले. पुढे उन्हाळा लागला की अशाच उघड्या जमिनीवर नदीसुरय अंडी घालतात, अगदी मातीच्याच रंगाची. पाय पडला तरी कळणार नाही.

मग रोहित दिसले. दादांनी बांबू गाळात रोवून होडी लांबच थांबवली. पक्षी एका जागी पाय नाचवत गाळ ढवळत होते, चोच उलटी करून पाणी गाळत होते. शेजारच्या बोटीतून कुणीतरी ओरडलं, “उडवा ना, फोटो पाहिजे!” आमच्या दादांनी तिकडे नुसता हात वर केला. प्रत्येक उड्डाणाला त्या पक्ष्याला पाण्यावर धावत जावं लागतं, आणि खाणं सुटतं ते वेगळंच. पोट भरायला इतक्या लांब आलेल्या जिवाला फोटोसाठी उठवणं मला तरी पटत नाही. तुमचा होडीवाला उडवायला तयार झाला, तर तुम्हीच नको म्हणा.

दहाच्या सुमारास वारा सुटला आणि बारीक लाटा उठू लागल्या. आईला अजून थांबायचं होतं, पण दादांनी होडी वळवली. यात वाद घालायचा नाही. दुपारी काठावरच्या घरात चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी जेवलो.

जाणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या, चॉकलेटी-मातकट रंगाचे कपडे घाला, बोटीत जास्त माणसं भरू देऊ नका. आणि निघायच्या आदल्या दिवशी होडीवाल्याला एवढंच विचारा: पाणी किती उतरलंय, आणि बांबूनं नेणार का?