टाइमप्लीज

आठ वाजता मी पहिली हाक मारली. सव्वाआठला दुसरी. साडेआठला भाकरी गार झाली, पिठलं घट्ट झालं आणि आतल्या खोलीतून उत्तर आलं, "आई, पॉज होत नाही गं, ऑनलाइन आहे!"

आधी मला ती थाप वाटली. मग जाऊन पाहिलं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या ऑनलाइन लढाईच्या खेळात शंभरेक जण एका बेटावर उतरलेले, भोवतीचं वर्तुळ आवळत चाललेलं आणि चिरंजीव एका झाडामागे आडवे. खरंच, थांबणार कसा? इतर नव्व्याण्णव जणांच्या घरी पिठलं थोडंच केलं होतं!

आमच्याकडे यासाठी टाइमप्लीज होती. लगोरी असो की डबा ऐसपैस, मूठ ओठांशी नेऊन "टाइमप्लीज!" म्हटलं की राज्य घेणारासुद्धा हात आवरता घेई. चप्पल तुटली, आजीनं हाक मारली, शू लागली, कारण कुणी विचारत नसे. तिचा गैरवापर होई, भांडणं होत. पण टाइमप्लीज मिळायची.

मग घरी व्हिडिओ गेम आला. टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात खुपसायची पिवळी कॅसेट. चालली नाही तर काढून फुंकर मारायची. फुंकरीनं नक्की काय व्हायचं देव जाणे, पण व्हायचं. दोनपैकी एकच रिमोट धड होता, म्हणून मी आणि दादा आळीपाळीनं मारिओ खेळायचो. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण 32. पुढे शेजारच्या मुलानं पहिल्या जगातल्या दुसऱ्या टप्प्यातला तो छतावरून पळायचा चोरटा रस्ता दाखवला आणि आम्ही थेट चौथ्या जगात जाऊन पडायला लागलो.

या मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. जेवायला बोलावलं की स्टार्टचं बटण दाबायचं, 'टुंग' असा आवाज यायचा आणि मारिओ उडीच्या मध्यावर हवेत लटकायचा. आम्ही वरणभात खाऊन, हात धुऊन, कधीकधी दुपारची झोप काढून परत येईपर्यंत तो तसाच. ॲडॉप्टर पापड भाजावा इतका तापायचा. एकदा सातव्या जगात असताना लाइट गेली, तेव्हा दादा चक्क रडला होता. (तो आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. हे वाचून चिडेल.)

'सिंगल प्लेअर' म्हणतात तो हाच प्रकार. पण तो एकट्याचा आहे असं आम्हाला तेव्हा कधी वाटलं नाही. एकाच्या हातात रिमोट आणि दुसऱ्याच्या तोंडात "उडी मार, उडी मार, अरे मेला!" मेल्याचं निम्मं श्रेय नेहमी माझ्याकडे असायचं.

कंपन्यांना मात्र असे खेळ मध्यंतरी नकोसे झाले होते. कारण सरळ आहे. मारिओची कॅसेट एकदा विकली की गिऱ्हाईक सुटलं. ऑनलाइन खेळात तोच पोरगा दर हंगामाला नवा शर्ट, नवी बंदूक, बंदुकीला नवा रंग घेत राहतो. किराणा दुकानातली उधारीची वहीच ती, फक्त पैसे आधी द्यायचे. मग एकट्यानं खेळायच्या खेळालासुद्धा इंटरनेटची दोरी बांधायची टूम निघाली. युबीसॉफ्ट या कंपनीचा 'द क्रू' 2014च्या डिसेंबरात आला. आखीवरेखीव छोटी अमेरिका, तिच्यात वाटेल तिकडे गाडी हाकावी. एकट्यानं हाकली तरी चाले, पण इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं. 31 मार्च 2024ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या कपाटात तबकडीसकट मेला. आमच्या घरी लाइट निदान परत तरी यायची!

लोक खवळले. बंद करायचा तर करा, पण खेळ घरच्या घरी चालेल अशा अवस्थेत सोडा, एवढंच मागणारी मोहीम उभी राहिली आणि 2025मध्ये युरोपात तिच्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला ही मागणी अगदीच साधी वाटते. शेजाऱ्यानं भाड्याची खोली सोडताना आमच्या घरातली ट्यूबलाइट काढून नेऊ नये, इतकी साधी.

या धंद्यात नियतीही अधूनमधून विनोद करते. सोनीनं 2024च्या ऑगस्टमध्ये 'कॉन्कॉर्ड' नावाचा मोठा ऑनलाइन खेळ आणला. तो दोन आठवड्यांत गुंडाळावा लागला. तो बंद झाला 6 सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी त्याच सोनीचा 'ॲस्ट्रो बॉट' बाजारात आला. एक इवलासा रोबो, उड्या, खड्डे, इंटरनेट नसलं तरी हरकत नाही. वर्षअखेरीला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ तोच ठरला. म्हणजे आमच्या मारिओचा नातूच की!

हे सगळं मी मुलाला ऐकवलं. त्यानं ऐकलं नाही, पण लॅपटॉपवर मला 'राजी' घालून दिला. हा 2020चा खेळ आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला. राजी ही सर्कशीतली मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते, दुर्गेचा त्रिशूळ घेऊन. गोष्ट पुढे सरकते ती सावल्यांच्या बाहुल्यांतून, आणि वरून विष्णू आणि दुर्गा बाल्कनीत बसल्यासारखे आपसांत टीकाटिप्पणी करतात. भिंतीवरून पळताना तिचा तोल जात नाही, माझा बसल्या जागी जातो.

तीन दिवस मी एकाच ठिकाणी अडकले आहे. चार राक्षस एकदम येतात. परवा ते आले आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी पॉज केलं, गॅस बंद केला, फोडणी टाकली, दूधवाल्याचा हिशोब केला. परतले तर राजी त्रिशूळ उगारून आणि राक्षस तिच्यावर झेप घेऊन जिथल्या तिथे.

रात्री चिरंजीव पाणी प्यायला बाहेर आले. "अजून इथेच?" म्हणून खुर्चीच्या मागे उभे राहिले. मग खुर्चीच्या हातावर टेकले.

"खांबाला धर ना. खांबाला! आता उडी... अगं आई, मेलीस. दे इकडे."

दिलं नाही.