तीन टेकूंवरची काच : आमची वाटचाल

आमच्या भागात सुताराला वाढई म्हणतात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातील आमच्या गावात आमचे घर आजही वाढयाचे घर म्हणूनच ओळखले जाते. आजोबा बैलगाड्या करीत. चाकाचे पुठ्ठे, म्हणजे घेराचे वळणदार तुकडे, ते सरळ फळीतून कधी कापत नसत. बांधावर मुळातच वाकून वाढलेली बाभळीची फांदी दोन-दोन वर्षे आधी हेरून ठेवीत, कारण लाकडाची रेषा जिथे वळते तिथेच वळण काढले तर ते ओझ्याखाली फुटत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे ट्रॅक्टर आले, गाड्यांचे काम सुटले आणि वडील चौकटी, पलंग आणि देव्हाऱ्यांकडे वळले. २००४ मध्ये कारखाना माझ्या हाती आला, तेव्हा दोन कारागीर, जुनी हत्यारे आणि बल्लारशाच्या आगारातून लिलावात घेतलेला थोडा साग एवढेच भांडवल होते.

२०११ मध्ये एका व्यापाऱ्याने एका टेबलाचा फोटो पाठवून तसे सहा नग मागितले. खाली वळणदार लाकडे, वर जाड काच, असे ते टेबल होते. आम्ही फोटोवरून मापे काढली, सरळ सागाच्या फळ्यांतून वळणे कापली आणि महिनाभरात माल दिला. पहिल्याच पावसाळ्यात दोन टेबलांचे पाय नेमके वळणावर, रेषा तुटते तिथे चिरले. आजोबांनी जी गोष्ट आयुष्यभर सांभाळली, ती मी घाईत विसरलो होतो. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाकडून आणखी एक गोष्ट कळली : व्यापाऱ्याने ती टेबले एका जगप्रसिद्ध शिल्पकाराची अस्सल टेबले म्हणून विकली होती. दोन्ही ग्राहकांचे पैसे आम्ही परत केले आणि ते काम त्याच दिवशी बंद केले.

ते शिल्पकार म्हणजे इसामू नोगुची. जन्म १९०४ चा, लॉस एंजेलिसचा. वडील जपानी, आई अमेरिकी. १९२७ मध्ये पॅरिसला शिल्पकार ब्रांकुशींच्या हाताखाली त्यांनी दगड आणि लाकूड घडवण्याचे शिक्षण घेतले. १९३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष गुडइयर यांच्यासाठी शिसवी लाकूड आणि काच यांचे एक टेबल घडवले; तेच टेबल २०१४ मध्ये लिलावात ४४ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. आमच्या फोटोतले टेबल त्यानंतरचे, १९४४ च्या रचनेचे. १९४७ पासून हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने ते बाजारात आणले. त्यामागची हकिकत वाचून मला फार लागले. एका सजावटकारासाठी नोगुचींनी टेबलाचा छोटा नमुना करून दिला होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲरिझोनातील जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलेल्या छावणीत असताना त्यांना त्याच नमुन्यावरून केलेले टेबल जाहिरातीत छापलेले दिसले. जाब विचारल्यावर उत्तर मिळाले की तीन पायांचे टेबल काय, कोणीही करील. तेव्हा त्यांनी स्वतःचे वेगळे टेबल रचले. ज्या माणसाची रचना अशी न विचारता उचलली गेली, त्याचीच रचना आम्हीही न विचारता उचलली होती.

त्या रचनेतली खुबी मला एका रात्री जेवणानंतर कळली. मुलीच्या वहीचा पुठ्ठा कापून मी एकसारखे दोन तुकडे केले, एक उलटा केला आणि मधे टाचणी रोवली. दोन्ही लाकडे एकाच आकाराची, फक्त एक पालथे. मधे एक दांडी, ना खिळा ना स्क्रू, आणि काच तीन टेकूंवर आपल्याच वजनाने स्थिर. आम्ही फोटो बघून दोन्ही पाय वेगवेगळ्या मापांचे केले होते, म्हणजे मूळ कल्पनाच आमच्या हातून निसटली होती.

२०१७ मध्ये नागपूरच्या एका कुटुंबाने त्यांच्या आजोबांनी अमेरिकेतून आणलेले तेच टेबल दुरुस्तीसाठी आमच्याकडे दिले. काच कॅलिपरने मोजली तर २२ मिलिमीटर भरली. १९६५ च्या सुमारास ही जाडी १९ मिलिमीटरवर आली होती, म्हणून टेबल त्याआधीचे असावे, असे मी त्यांना सांगितले. उन्हाळ्यातला कूलर आणि बाहेरचे ४५ अंशांचे ऊन यांनी अक्रोडाचे लाकूड फुगून-आकसून दांडीचे भोक सैल झाले होते. भोकात अक्रोडाचीच खुंटी रेषा जुळवून बसवली आणि त्यातून नवे भोक पाडले. घरच्यांना टेबल नव्यासारखे चकचकीत हवे होते. मी त्याला रंधा वा पॉलिश पेपर लावू दिला नाही. साठ वर्षांच्या हाताळणीने आलेला तो तांबूस मऊपणा संग्राहकाला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. फक्त धूळ काढून मेणाचा पातळ हात दिला.

त्या कामानंतर आम्ही स्वतःचे काम ठरवले. चंद्रपूर जिल्ह्यातीलच एक शिल्पकार मित्र आमच्यासाठी बाकांची रचना करतात आणि प्रत्येक विक्रीतला त्यांचा वाटा करारात लिहिलेला आहे. ते कागदावर आधी काही काढत नाहीत. शेतकऱ्यांनी आणून दिलेल्या वाकड्या बाभळी अंगणात मांडतात, त्यांच्याभोवती तासन् तास फिरतात आणि मग शाडूचा वीतभर नमुना करतात. बाभळीला भुंगा लागू नये म्हणून ती आम्ही जुन्या रीतीप्रमाणे गावच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावात भिजत ठेवतो आणि पुढे वर्षभर सावलीत वाळवतो. बैठक सागाची, वरून फक्त जवसाचे तेल. असे बाराच बाक होणार आहेत; प्रत्येकाच्या खाली क्रमांक आणि रचनाकाराचे नाव तापल्या लोखंडाने उमटवलेले असते, म्हणजे पन्नास वर्षांनी तो कोणाच्या घरी असला तरी कोणी घडवला हे विचारावे लागणार नाही.

पाच बाक घरोघरी पोचले आहेत. सहाव्याची लाकडे तलावात आहेत, ती दिवाळीनंतर काढू.