ग्रिनिचची टेकडी आणि दोन सीटची बाबागाडी

डबल बाबागाडी घ्यावी की नाही हे दुकानात कळत नाही. तिथली फरशी गुळगुळीत, दार आपोआप उघडणारं आणि सीटमध्ये पोरं नसतात. म्हणून ओळखीच्या एका घरातून त्यांची जुनी गाडी शनिवारपुरती मागून आणली. आवडली तर दीडशे पौंडांना देतो म्हणाले. थोरली वीस महिन्यांची, बारा किलो. धाकट्याचा सव्वा महिना नुकताच संपलेला, साडेचार किलो. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली आई बरोबर होती, म्हणजे चार हात. लंडनमध्येच वेम्ब्ली पार्कहून ग्रिनिचला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच बेत.

पहिला अडथळा घरातच आला. शेजारी-शेजारी दोन सीट असलेली ही गाडी ७४ सेंटिमीटर रुंद. घराचं मुख्य दार ती पार करते, आतल्या खोलीचं करत नाही. इथल्या घरांतलं आतलं दार बहुतेकदा ७६२ मिलिमीटरचं, पण ते माप फळीचं. बिजागरीजवळ फळीची जाडी आणि चौकटीची पट्टी वजा केली की मोकळी जागा ७१-७२ सेंटिमीटर उरते. त्यामुळे दार सताड उघडून, फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावायची. गाडीचं माप सीटचं घ्यायचं नाही, मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांचं घ्यायचं. सर्वांत रुंद तेच असतं. शेजारी-शेजारीमध्ये ६३-६५ सेंटिमीटरच्या अरुंद गाड्याही मिळतात. त्यात जाड जॅकेट घातलेली दोन मुलं खांद्याला खांदा घासत बसतात, पण दार अडत नाही.

मागे-पुढे सीटवाली गाडी दारातून अलगद जाते, म्हणून पुष्कळ लोक तीच घेतात. तिचं दुखणं फुटपाथच्या कडेला कळतं. कड चढायची तर हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात आणि बारा किलोचं मूल पुढे बसलं असेल तर मनगटं बोलू लागतात. शिवाय बऱ्याच मॉडेलांत खालची सीट सामानाच्या टोपलीला चिकटून असते. तान्हं तिथे ठेवलं तर ढकलणाऱ्याला त्याचं तोंड दिसत नाही. मला तेवढ्यानेच ती बाद वाटली.

तान्ह्याच्या बाबतीत तडजोड नाही. आधाराशिवाय बसायला येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याला सपाट झोपवायला हवं. युरोपीय मानक ईएन १८८८ प्रमाणे जन्मापासून चालणाऱ्या सीटची पाठ किमान १५० अंशांपर्यंत मागे जायला हवी. ‘रिक्लाइन होते’ एवढ्या लेबलवर जाऊ नका, ‘जन्मापासून’ असं लिहिलेलं शोधा. दोन्ही सीटना ते लागू असेलच असंही नाही. मागून आणलेल्या गाडीत एका बाजूला सीट होती आणि दुसऱ्या बाजूला कॅरीकॉट, सपाट तळाचा पाळणाच म्हणा. तो बघून आई खूश. दुपारपर्यंत आम्ही त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो.

वेम्ब्ली पार्कला लिफ्ट आहे, रुंद गेट आहे. ज्युबिली लाइनने थेट नॉर्थ ग्रिनिच. लंडनच्या ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, स्टेशनं २७२, त्यांतली जेमतेम एक तृतीयांश बिनपायऱ्यांची. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह निळ्या गोलात असेल तर रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात असेल तर फक्त फलाटापर्यंत, पुढे डब्याची फट आणि उंची तुमची तुम्ही बघा. अशा ठिकाणी गाडी उलटी ओढत आत न्यायची, मागची मोठी चाकं आधी. पुढची छोटी, फिरती चाकं फटीत आडवी वळून अडकतात आणि नेमका तेव्हाच दार बंद होण्याचा बीप सुरू होतो. आपल्या मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे महाराष्ट्र मंडळ. १९३२ पासूनचं हे मंडळ डॉलिस हिल भागात आहे आणि तिथल्या ट्यूब स्टेशनला जिने आहेत. गणपतीला डबल गाडी घेऊन जायचं तर बस.

आणि बसपाशीच हे सगळं प्रकरण आलं.

नॉर्थ ग्रिनिचहून १८८ पकडली. लंडनच्या बसमध्ये मधल्या दारासमोर एक मोकळी जागा असते. ती व्हीलचेअरची, रिकामी असेल तर न मिटलेल्या दोन बाबागाड्या तिथे उभ्या राहू शकतात. डबल गाडी एकटीच ती सगळी जागा खाते. आम्ही ती कठड्याला समांतर लावली, ब्रेक लावला, आई समोर बसली. दोन स्टॉप झाले. तिसऱ्या स्टॉपवर व्हीलचेअरमध्ये एक बाई उभ्या. ड्रायव्हरने जागा मोकळी करण्याची विनंती माइकवरून केली. त्यांचा हक्क पहिला, यात वाद नाही. २०१२ साली वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली या व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला चढता आलं नव्हतं, कारण जागेवर बाबागाडी होती आणि तिच्या आईने ‘ही मिटत नाही’ असं सांगितलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये निकाल आला: ड्रायव्हरने नुसती विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, त्याने आणखी प्रयत्न केला पाहिजे. हे वाचलं होतं तेव्हा त्या आईचा रागच आला होता. त्या दिवशी मात्र ‘मिटत नाही’ म्हणजे काय ते हाताला कळलं.

गाडीची घडी घालायची म्हणजे क्रम असा. हँडलला अडकवलेली पिशवी काढा. ती आधी काढली नाही आणि मूल उतरवलं तर गाडी मागे कलंडते, म्हणून तिथे पिशवी मुळात अडकवायचीच नसते. आम्ही अडकवली होती. टोपलीतलं सगळं बाहेर. थोरलीचा पाच टोकांचा पट्टा सोडा, तिला उचलून कोणाच्या तरी मांडीवर द्या. तान्ह्याला उचला. कॅरीकॉट सांगाड्यावरून काढा, कारण तो वर असेपर्यंत सांगाडा मिटत नाही. सीटही काढा किंवा पुढे पाडा. मग हँडलच्या दोन्ही बाजूंची बटणं एकदम ओढून सांगाडा दुमडा. हे सगळं चालू असताना तान्हं कुठे ठेवायचं, ते माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

कॅरीकॉटच्या दोन्ही बाजूंना, काठाखाली, बोटाच्या पेराएवढं राखाडी बटण असतं. दोन्ही एकाच वेळी दाबून वर उचलायचं. डावं बटण हाताशी होतं. उजवं बसच्या कठड्याच्या बाजूला, मध्ये दोन बोटांची फट. त्या फटीत हात घालून दाबलं तर डावीकडचं सुटून पुन्हा खट्‌कन बसायचं. गाडी थोडी पुढे घ्यावी तर ब्रेक सोडावा लागणार आणि ब्रेकची पट्टी थोरलीच्या बुटाखाली. शेवटी आईने बाळाला घेतलं, थोरली जमिनीवर, एका प्रवाशाने पिशवी धरली आणि मी गाडी सरकवून कॅरीकॉट काढला. तोवर तीन-चार मिनिटं गेलेली. बस थांबलेली. बाहेरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, सावकाश होऊ दे. त्यांना या वाट बघण्याची सवय होती, हेच जास्त लागलं.

आणि मिटवून झाल्यावर हातात काय उरतं? साडेचौदा किलोचा सांगाडा, सुटी सीट आणि सुटा कॅरीकॉट. तीन नग. बसमध्ये ते ठेवायला जागा नाही. आम्ही सरळ खाली उतरलो आणि फुटपाथवर सगळं पुन्हा जोडलं. आई म्हणाली, “अगं, एवढ्यात दोघांना काखोटीला मारून पोचलो असतो.” पुढचा रस्ता चालत.

चालताना मात्र गाडी उत्तम. खरं तेही लिहायला हवं. दोघंही झोपली, एकाच वेळी, वीस मिनिटं! एका बाजूला बारा किलो आणि दुसऱ्या बाजूला साडेचार, त्यामुळे ती सतत जड बाजूकडे वळू पाहते. फुटपाथ एका कडेकडे उतरता असेल तर आणखी. सीट बदलता येत असेल तर जड मूल फुटपाथच्या उंच बाजूला ठेवावं, नाहीतर दिवसअखेर एकच खांदा दुखतो. हवेची चाकं असतील तर दोन्हीकडची हवा सारखी हवी. एक चाक मऊ पडलं तरी गाडी तिरकी धावते आणि पुढची चाकं थरथरायला लागतात. त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा मोटारीसारखाच असतो, पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण टायरवर छापलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. मोटारीच्या सवयीने भरली तर ट्यूब फुटते.

ग्रिनिच पार्कमध्ये वेधशाळेच्या टेकडीवर सरळ चढणारी वाट फार उभी. उजवीकडून वळत जाणारा ‘द अ‍ॅव्हेन्यू’ हा डांबरी रस्ता बरा. गाडी, मुलं, पिशवी मिळून चौतीस किलो. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर साधारण साडेतीन किलोचा ओढा सतत खाली असतो. चढताना तो पायांना कळतो, उतरताना पोटात गोळा आणतो. पायाचा ब्रेक उभं राहण्यासाठी असतो, उतारावर वेग कमी करायला नाही. उतार असलेल्या गावात राहणाऱ्यांनी हातब्रेकवालीच गाडी बघावी. हँडल हातातून सुटलं तरी गाडी धरून ठेवणारा मनगटाचा पट्टा सगळ्या गाड्यांना असत नाही. नसेल तर मजबूत पट्टा घेऊन सांगाड्याला बांधावा, हँडलच्या फोमला नव्हे. तो फिरतो.

वर जनरल वुल्फच्या पुतळ्यापाशी गर्दी होती, समोर कॅनरी वॉर्फ. वेधशाळेच्या आवारात तिकीट काढून गेलो नाही. भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही शून्य रेखांशाची खूण आहे, फुकट. तिथे गाडी रेघेवर नीट उभी केली: थोरली पूर्व गोलार्धात, धाकटा पश्चिमेत. मागे-पुढे सीटवाल्या गाडीला हे इतकं सहज जमत नाही. शेजारी-शेजारीच्या बाजूने दिवसभरात सापडलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा.

परतीला बस टाळली. कटी सार्क स्टेशनहून डीएलआर, म्हणजे इथली हलकी रेल्वे. तिची सगळी स्टेशनं बिनपायऱ्यांची. कॅनरी वॉर्फला बदलून ज्युबिली.

हिशेब तिथेच डब्यात मांडला. आईचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं. त्यानंतर आठवड्याचे पाच दिवस मोठं माणूस एक, हात दोन. एकट्या माणसाने बसमध्ये शिरायचं तर तान्हं आधीच अंगाशी बांधलेलं हवं, म्हणजे गाडी मिटवायला हात मोकळे राहतात. रॅपमध्ये, म्हणजे बाळ अंगाशी बांधायच्या लांब कापडात, बांधताना त्याची हनुवटी त्याच्या छातीला टेकलेली नको, आपण खाली बघितल्यावर तोंड दिसायला हवं, पाठीला घट्ट आधार. आणि ते अंगाशीच असणार असेल तर दुसरी सीट कोणासाठी? सध्या थोरली साध्या एकेरी गाडीत, धाकटा रॅपमध्ये. चार-पाच महिन्यांनी तो जड होईल तेव्हा तो सीटमध्ये आणि ती दोन वर्षांची झालेली, गाडीच्या मागे जोडायच्या चाकांच्या फळीवर उभी. मात्र एकेरी गाडी जन्मापासून चालणारी, सपाट होणारी आणि एका हाताने मिटणारी हवी.

हे सगळ्यांना लागू नाही. जुळी असतील, दोघांत वर्ष-सव्वा वर्षाचंच अंतर असेल, सिझेरियननंतर किंवा पाठीच्या दुखण्याने बाळ अंगावर बांधता येत नसेल, किंवा रोजचा रस्ता बसशिवाय चालतच जायचा असेल, तर डबल घ्या आणि ६३-६५ सेंटिमीटरची घ्या. आणि थोरलं मूल अडीच-तीन वर्षांचं असेल तर मला विचाराल तर पैसे पाण्यात. चार महिन्यांत ते गाडीत बसायला नकार देईल आणि मग तुम्ही रिकामी सीट ढकलत फिराल. फळीचीही तक्रार आहे: थोरलीची दुपारची झोप फळीवर उभ्याने होत नाही, आणि आपण लांब पाऊल टाकलं की नडगी फळीच्या कडेवर आपटते. हँडल पुढे-मागे होणारं असेल तर ते बाहेर ओढून घ्यावं.

रविवारी गाडी पुसून परत केली. टोपलीत थोरलीने कोंबलेली पार्कातली ओली पानं राहिली होती, ती त्यांच्या दारातच काढली. त्यांनी विचारलं, मग घेताय ना? माळ्यावर त्यांचीच जुनी फळी होती, ती वीस पौंडांत उचलली. घरी येऊन बघतो तर सांगाड्याला जोडायच्या दोन क्लॅम्पपैकी एकच.